आठवी पास झाली, पुढे गाडीच नाही

"पालकांची मानसिकताच मागास हो!" मुलींची शाळा सुटली की साहेबलोकांचं हे वाक्य तयारच असतं. साहेब गाडीतून येतात, गाडीतून जातात. पाड्यापासून हायस्कूलपर्यंतचं अंतर त्यांच्या पायांना माहीत नाही.

लोहारदा घ्या. देवास जिल्ह्याचं दक्षिण टोक, नर्मदेच्या अलीकडे, काटाफोड-सतवासच्या पट्ट्यातलं छोटं नगर. धार-देवास म्हणजे पवारांची जुनी संस्थानं, म्हणून मराठी बोलणारी घरं इथवर आली. भोवतालच्या डोंगरात कोरकू, बारेला यांची वस्ती. 2011 च्या जनगणनेत देवास जिल्ह्यात बायकांची साक्षरता 58 टक्क्यांच्या आसपास होती, धारमध्ये तर 49 च्या. आता पाटीवर 'बेटी पढाओ' लिहिलंय. पाटी वाचायला पोरगी शाळेत टिकली पाहिजे ना?

आता कायदा बघा. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. हक्क कुणाला? 6 ते 14 वयाच्या मुलांना, पहिली ते आठवी. म्हणजे नेमकी गावातली शाळा संपते तिथेच हक्क पण संपतो. नववीला प्रवेश मिळणं हा हक्क नाही, नशिबाचा भाग. 2021-22 चे देशाचे सरकारी आकडे सांगतात की सहावी ते आठवीत गळती 3 टक्के, आणि नववी-दहावीत 12.6. एका इयत्तेच्या फरकाने पालकांची 'मानसिकता' चौपट बिघडली काय?

मुलगेही गळतात, थोडे जास्तच. पण मुलगा कामाला लागतो, मनात आलं तर खाजगी बसून दहावी काढतो. मुलगी घरी बसली की दिवाळीनंतर पाहुणे येतात बघायला. फरक तिथे आहे.

मध्य प्रदेशात योजना कमी नाहीत. लाडली लक्ष्मी 2007 पासून आहे, नववीत गेली की 4 हजार रुपये. गावात शाळा नसेल तर सहावीला आणि नववीला सायकल. चांगलंच आहे, नाव ठेवत नाही. पण घाटातल्या पंधरा किलोमीटरवर सायकल ढकलत न्यावी लागते. आणि बस? या राज्याचं एसटी महामंडळच 2005 मध्ये मोडीत काढलं. तेव्हापासून सगळं खाजगी गाडीवाल्यांच्या मर्जीवर. गाडी भरली तर सुटणार, मुलींना दारात लोंबकळत जावं लागणार. सरकारी बस पुन्हा आणायचा बेत मंजूर झाला 2025 मध्ये. मधल्या वीस वर्षांत नववीपासून दूर राहिलेल्या मुलींचा हिशोब कोण देणार? आज त्यांचीच पोरं शाळेत जायला लागलीत.

अंतर कमी केलं की काय होतं ते बिहारने दाखवलंय. 2006 मध्ये तिथे नववीच्या मुलींना सायकलीसाठी 2 हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला: माध्यमिक शाळेत मुलींचा प्रवेश 32 टक्क्यांनी वाढला, आणि ज्या गावांपासून हायस्कूल लांब तिथे जास्त वाढला. मानसिकता बदलायला भाषणं नाही लागली, दोन चाकं लागली.

तसं हे भांडण जुनंच. पुण्यात 1884 मध्ये हुजूरपागा सुरू झाली, तेव्हाही खरा वाद मुलींच्या अक्षरओळखीवर नव्हता, हायस्कूलवर होता. टिळकांच्या 'मराठा' पत्रात त्या अभ्यासक्रमावर आणि अकरा ते पाच या वेळेवर सडकून टीका झाली. मुलगी दिवसभर शाळेत राहिली तर घरकाम कोण करणार, हा मुद्दा होता. टिळकांबद्दल आदर ठेवूनही हे लिहिलंच पाहिजे, कारण तोच मुद्दा आज लग्नाच्या पंगतीत आपले काका-मामा हसत हसत मांडतात.

बेळगाव-खानापूरकडचे, भालकीकडचे दोस्त म्हणतील, देवासचं आम्हाला काय? सांगतो. तुमच्याकडे जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही. पण रानातल्या गावात शाळेच्या वेळेला गाडीच आली नाही तर फुकट तिकिटाचं काय लोणचं घालायचं? त्यात मराठी हायस्कूल आणखी लांब असेल, तर घरचे म्हणतात, "एवढ्या लांब मराठीतनं शिकून काय करणार आहेस?" आपण बोर्डावरच्या मराठीसाठी रस्त्यावर उतरतो, उतरायलाच पाहिजे. पण मराठी शाळेतून पास झालेल्या मुलींपैकी हायस्कूलला किती पोचल्या, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलंय?

तर यंदा विचारूया. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, शिक्षण खात्याच्या तालुका कार्यालयात. तीनच प्रश्न: गेल्या पाच वर्षांत आमच्या गावच्या शाळेतून शेवटची इयत्ता पास झालेल्या मुली किती, त्यातल्या पुढे हायस्कूलला दाखल किती, आणि तिथवर शाळेच्या वेळेला धावणारी बस कोणती. नावं मागू नका, फक्त आकडे. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं की इथे टाका, नाही आलं तर तेही टाका, पहिल्या अपिलाचा मसुदा आपण मिळून लिहू.