अंगण वांकडेंच आहे

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण ज्या कोणी प्रथम रचली, त्यानें अंगण एकदां तरी मोजून पाहिलें होतें कीं नाहीं, अशी शंका आम्हांस अलीकडे वारंवार येते. अंगणवाडीच्या सेविकेनें मोबाइलची तक्रार केली कीं ही म्हण तिच्या तोंडावर फेकावयाची, अशी चाल सरकारी बैठकींत आणि शहरी दिवाणखान्यांत सारखीच रूढ झाली आहे. सेविका फारशा शिकलेल्या नसतात, त्यांना यंत्र कळत नाहीं, आणि फोन अडला तर तो त्यांनींच अडविला असला पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. तो आम्हांस साफ अमान्य आहे.

गोंदिया जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत मागील पावसाळ्यांत आम्हीं पाहिलेला प्रकार सांगतों. धानाच्या रोवणीचे दिवस होते. रात्रीं चार्जिंगला लावलेल्या फोनानें कोणास न विचारतां आपली मूळ प्रणाली अपडेट करावयास घेतली होती. सकाळीं सेविकाबाई उठतात तों काळ्या पडद्यावर कंपनीचें चिन्ह आणि त्याखालीं फिरणारें एक चक्र. दहा वाजले तरी तें फिरतच होतें. दारांत आठ-नऊ बाया तान्हीं मुलें कडेवर घेऊन उभ्या होत्या. रोवणीची अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून त्या आल्या होत्या. आहाराचीं पाकिटें खोलींत पोत्यांत होतीं. कोणाचें मूल किती महिन्यांचें आणि मागल्या खेपेस त्याचें वजन किती भरलें, हें सेविकाबाईंस तोंडपाठ होतें. सर्व कांहीं जागच्या जागीं होतें. फक्त त्या बाया त्याच बाया आहेत, हें सांगणारा फोन तेवढा जागेवर नव्हता. १ जुलै २०२५ पासून घरीं न्यावयाच्या आहारासाठीं लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली आहे. बाया परत गेल्या. दुपारीं वरून विचारणा झाली ती अशी कीं, आज तुमची नोंद शून्य कशी? आणि खुलासा दिल्यावर उत्तर आलें, ‘तुम्हींच कांहीं तरी दाबलें असेल.’

आतां काय दाबल्यानें काय होतें, हें एकदां नीट पाहूं. फोनची मूळ प्रणाली बदलणें म्हणजे राहत्या घराचा पाया बदलणें. जुन्या धर्तीचा फोन हें काम स्वतःस बंद करून करतो आणि जुन्या प्रणालीच्याच जागेवर नवी लिहितो. मध्येंच बॅटरी संपली किंवा जागेंत दोष निघाला, तर जुनी गेलेली असते आणि नवी आलेली नसते. २०१६ सालीं आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तींत यावर तोड निघाली. प्रणालीसाठीं दोन कप्पे ठेवावयाचे, एकावर काम चालूं द्यावयाचें, दुसऱ्यांत नवी प्रणाली लिहावयाची, आणि ती बिघडलीच तर जुन्या कप्प्यावरून फोन पुन्हां उभा करावयाचा. युक्ति उत्तम, पण दोन कप्प्यांस जागा लागते, आणि स्वस्त फोनांत काटकसर होते ती नेमकी जागेची. म्हणून पुढें कित्येक वर्षें स्वस्त फोन जुन्याच पद्धतीचे निघत राहिले. श्रीमंताचा फोन अडखळला तर सावरतो, गरिबाचा अडखळला तर पडतो. यांत सेविकेच्या बोटाचा संबंध कोठें आला?

उपाय म्हणाल तर तेहि थोडेच आहेत. फोन चार्जरला लावून तास-दीड तास स्वस्थ ठेवावा, कारण चक्र फार वेळ फिरलें म्हणजे फोन अडकलाच असें नसतें. त्यानंतर कांहीं फोनांत चालू-बंद करण्याचें आणि आवाज कमी करण्याचें अशीं दोन्हीं बटणें मिळून दाबून धरलीं कीं तो नव्यानें सुरू होतो. तेवढ्यानें न भागल्यास रिकव्हरीच्या पडद्यावरून तात्पुरता साठा पुसून पाहावा. आणि अखेर फॅक्टरी रीसेट, म्हणजे सर्व पुसून टाकणें. सेविकाबाईंना एकानें थांबावयास सांगितलें, दुसऱ्यानें बॅटरी संपूं द्यावयास सांगितलें, आणि तालुक्याच्या दुकानदारानें सर्व पुसण्यावांचून गत्यंतर नाहीं असें सांगून हात झटकले. या शेवटच्या उपायाची किंमत शहरी सल्लागारांस ठाऊक नसते. सालेकसा-देवरीकडच्या डोंगराळ भागांत सिग्नल मिळेपर्यंत कामाची नोंद फोनच्या पोटांतच पडून राहते. फोन पुसला कीं वर न पोंचलेलें सर्व गेलें. म्हणजे केलेलें काम न केल्यांत जमा.

ही तक्रार कालची नाहीं. ‘पोषण ट्रॅकर’ हें अॅप १ मार्च २०२१ रोजीं सुरू झालें. त्यापूर्वीं दिलेल्या सरकारी फोनांची स्मरणशक्ति अवघी २ जीबी. ते तापत, अडत, बंद पडत. शिवाय पडद्यावरची इंग्रजी वाचावी कशी, हा निराळाच प्रश्न होता. ज्या जिल्ह्यांत घराघरांत पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलली जाते, तेथें मराठी हीच मुळीं शाळेंत शिकलेली भाषा. तिच्याहि पलीकडची इंग्रजी कोणी लादावी? ऑगस्ट २०२१ मध्यें राज्यभरच्या सेविकांनीं ते फोन सरकारास परत केले. एक अडाणी बाई यंत्रास भिते असें म्हणतां येईल, एक लाख बायांस तें लागू पडत नाहीं.

आणि शहाण्यांचें काय होतें तेंहि जगानें पाहिलें आहे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटनें जगांतले सुमारें ८५ लाख संगणक निळे पडले. त्यांपुढें बसलेले लोक इंग्रजी जाणणारे, पगारी व प्रशिक्षित होते. त्यांना कोणी ‘नाचतां येईना’ म्हटलें नाहीं. भारतांतल्या विमानतळांवर त्या दिवशीं बोर्डिंग पास हातानें लिहून देण्यांत आले आणि त्या कागदावर माणसें विमानांत बसलीं. आमचें भांडण येथें आहे. विमानाच्या प्रवाशासाठीं जो कागद घटकाभरांत प्रमाण ठरतो, तोच कागद रोवणी सोडून आलेल्या मातेसाठीं प्रमाण कां ठरूं नये?

कागदावर खोटें लिहितां येतें, असा आक्षेप येईल. येतें, हें आम्हांस मान्य आहे. पोषणाच्या योजनेंत गळती झाली, खोटीं नांवें चढलीं, हेंहि नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु पडताळणीचें साधन बंद पडलें असतां सर्वांसच खोटें धरावयाचें, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? खोट्या नांवानें पाकीट गेलें तर एका पाकिटाचें नुकसान. खऱ्या मुलाचें अडलें तर वाढीच्या वयांतले दिवस बुडतात, आणि ते मागाहून फॅक्टरी रीसेट करून मिळत नाहींत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं ही योजना सुरू झाली, तेव्हांपासून सेविकेस पगार नाहीं, मानधन आहे. ती नोकर नव्हे, स्वयंसेविका, असें सांगण्यांत येतें. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क मान्य होण्यास २५ एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. देणें आलें कीं ती स्वयंसेविका, जाब विचारावयाचा झाला कीं मात्र पक्की नोकर! आमचें म्हणणें मोठें नाहीं. फोन अडेल त्या दिवशीं अंगठ्याची किंवा सहीची नोंद ग्राह्य धरावी. पर्यवेक्षिकेजवळ एक राखीव फोन असावा. आणि नव्या आवृत्तीची सक्ति वाटपाच्या दिवशीं करूं नये. यास ना कायदा लागतो, ना फारसा पैसा.

त्या सेविकाबाईंनीं त्या सकाळीं एक गोष्ट केली होती. आलेल्या प्रत्येक बाईचें नांव, मुलाचें वय आणि वेळ त्यांनीं एका जुन्या वहींत लिहून घेतली, आणि खालीं सह्या-अंगठे घेतले. ती वही आम्हीं स्वतः पाहिली आहे. अद्याप ती कोणीहि मागितलेली नाहीं.