'माझी नोंद' वाचली कोणी?

पाठ्यपुस्तकांतली कोरी पानं काढून टाकणाऱ्या साहेबांस,

नमस्कार. 'सप्रेम' लिहायला हात धजत नाही.

2023 साली दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यामागे कोरी पानं आली. वर छापलेलं, 'माझी नोंद'. दप्तराचं ओझं हलकं व्हावं, हा हेतू. 2025-26 पासून ती गेली. का, तर पोरं ती वापरत नाहीत, वह्या आणतातच. हे कारण वाचलं आणि जिव्हारी लागलं.

झरी जामणी तालुक्यात मी मराठी शिकवतो. वर्गातली बरीच पोरं कोलामपोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. घरात कोलामी, रस्त्यावर वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी त्यांना शाळेतच भेटते. तरी त्यांनी ती पानं वापरली हो. एकीनं लिहिलं, 'धडा मले समजला नाही. पण त्यातली म्हातारी आमच्या आजीवानी हाय.' एकानं सीतादहीचं लिहिलं: कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आईनं वावरात पूजा मांडली, दहीभात ठेवला. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात, 'त्या दिवशी मी शाळेत नव्हतो, गैरहजेरी लावू नका.' असली नोंद कुठल्या गाईडात मिळते?

मग एक अधिकारी तपासणीला आले. 'मले'भोवती लाल गोल, 'हाय'भोवती दुसरा. समासात शेरा: शुद्धलेखन सुधारावे. धडा का समजला नाही, हे त्या पोरीला कोणी विचारलं नाही. त्यानंतर ती फळ्यावरचं तेवढं उतरवू लागली, तेही वहीत. पुस्तकातलं पान कोरंच राहिलं आणि तुमच्या लेखी 'वापर नाही' ठरलं.

याच जिल्ह्यात, यवतमाळला, जानेवारी 2019 मध्ये 92 वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केलं राजूरच्या वैशालीताई येडे यांनी. नवऱ्यानं आत्महत्या केलेली शेतकरी बाई. त्यांचं बोलणं महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. मांडवात बाई जगलेलं बोलली तर टाळ्या, आणि वर्गात पोरीनं तेच केलं तर लाल गोल?

पानं परत द्या म्हणत नाही; छपाईचे हिशेब तुमचे तुम्हाला. पोरांना मी वेगळी वही आणायला सांगितली आहे. ज्यांना परवडत नाही त्यांना जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून देतो. तुम्ही या, वाचा, पोरांशी बोला. फक्त लाल पेन गाडीतच ठेवा.

आपला,
एक मराठीचा मास्तर