शनिवारी बंद राहणारा घाणा

'अमक्याने मलिदा लाटला' अशी बातमी वाचलीय ना तुम्ही? तो मलिदा वाईटच! पण आज ज्या मलिद्याची गोष्ट सांगणार आहे, तो अगदी उजळ माथ्यानं खावा असा आहे. भिजवलेले पोहे, ओल्या नारळाचा चव, साखर, वेलदोडा, थोडा सुका मेवा आणि सोबत फळं. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू लोक, नवस फेडताना किंवा घरच्या शुभकार्यात हा मलिदा करतात. एलियाहू या त्यांच्या प्रेषिताची आठवण काढतात, प्रार्थना म्हणतात आणि मग तो सगळ्यांना वाटतात.

आता तुम्ही म्हणाल, एलियाहू होऊन गेला सुमारे २८०० वर्षांपूर्वी, तोही दूर पश्चिम आशियात. त्याच्यापुढे आपले पोहे-नारळ कसे आले? छान प्रश्न!

हे लोक काही लांबचे नाहीत बरं का! सीबीडी बेलापूरला पनवेलच्या गाडीत बसा. खारघर, मानसरोवर, खांदेश्वर आणि चौथं पनवेल. तिथे त्यांचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग आहे. नाव बेथ एल, बांधलं १८४९ साली. उलट दिशेनं मुंबईकडे गेलात तर मशीद स्टेशन लागतं. त्याच्या जवळच सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आणि त्यावरूनच स्टेशनला हे नाव पडलं, असं सांगतात.

त्यांची परंपरा सांगते, की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. सामान गेलं आणि धर्मग्रंथही समुद्रात गेले. ही घटना नेमकी केव्हाची, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण ही माणसं कोकणात रुजली हे नक्की. मराठी त्यांची मायबोली झाली. गावावरून आडनावं पडली : पेणकर, नवगावकर, आवासकर.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. पण शनिवारी मात्र घाणा बंद! देवानं सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असं ज्यू मानतात. म्हणून तो दिवस विश्रांतीचा. गावकऱ्यांनी त्यांना नावच दिलं, 'शनिवार तेली'.

आता खरी गंमत पाहा. पिढ्या सरल्या, तशी हिब्रू भाषा ते विसरले. सणांची मूळ नावंही विसरले. मग सण ओळखायचे कसे? त्या दिवशी घरात जे करायचं, तेच सणाचं नाव झालं! वसंतातल्या 'पेसाख' सणात ज्यू लोक आंबवलेल्या पिठाचं काही खात नाहीत. इथे त्या दिवसांत आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचं, म्हणून तो झाला 'अनशी ढाकायचा सण'. 'योम किप्पूर' हा उपासाचा आणि देवाची क्षमा मागण्याचा दिवस. त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, म्हणून 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा एक दिवस असतो. त्याचं नाव त्या वेळी शिजणाऱ्या वालावरून पडलं, 'बिरड्याचा सण'! आणि होळीच्या सुमाराला येणारा 'पुरीम' झाला 'होळीचा सण'.

ग्रंथ बुडाले, पण चूल आणि उंबरा यांनी धर्म सांभाळला.

पुढे कोचीनकडून डेव्हिड रहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ आले. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले, असं सांगतात. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. का, ते त्यांना सांगता आलं नसेल. पण ज्यूंचा नियम अगदी तोच आहे! रहाबींची खात्री पटली. त्यांनी तिघांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या आणि इतरांना शिकवायला नेमलं.

पण ही परीक्षा पुन्हा द्यावी लागली. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुष्कळ बेने इस्राएल तिकडे गेले. तिथल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली, की हे पुरते ज्यू आहेत का? त्यांच्याशी लग्नसंबंध करावेत का? ज्यांनी इतकं सांभाळलं, त्यांना आपल्याच माणसांकडून हे ऐकताना काय वाटलं असेल! त्यांनी मोर्चे काढले, धरणं धरलं. अखेर १९६४ साली ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं इस्राएलमध्ये मान्य झालं. आज तिथेही मराठी घरांतून मलिद्याचं ताट सजतं. पोहे आणि नारळ मात्र कोकणातली आठवण सांगतात.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या घरी आजी किंवा आई एखादी रीत वर्षानुवर्षं पाळत असेल. ती कुठून आली, ते तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. 'आपल्यात असंच करतात' एवढंच उत्तर मिळालं, तर हिरमुसू नका. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांकडेही कित्येक पिढ्या एवढंच उत्तर असेल.