दगडाचे सोंग घेतलेली इमारत आणि कायद्याचे वर्ग

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. संसदेसमोर इटालियन धाटणीची एक भव्य इमारत उभी आहे. दुरून पाहता ती घडीव दगडाची वाटते. जवळ जाऊन भिंतीवर बोट वाजवले की कळते, हे सारे लाकूड आहे. विल्यम क्लेटन या वास्तुविशारदाने आखलेली ही सरकारी कचेरी १८७६ साली पूर्ण झाली. दगड परवडत नव्हता. शिवाय १८४८ आणि १८५५ च्या भूकंपांनी या शहराला विटा-दगडांचा धाकच घातला होता. म्हणून कौरी वृक्षाच्या लाकडाला दगडी चिऱ्यांचे रूप देण्यात आले. मंत्री, सचिव, कारकून सारे एकाच छताखाली आले आणि आगीच्या भीतीने आत धूम्रपानाला बंदी घातली गेली. शनिवारवाड्याचे १८२८ साली काय झाले हे ठाऊक असणाऱ्यांना ही भीती समजावून सांगायला नको.

पुढे सरकारी खाती येथून हलली. मग मोठा जीर्णोद्धार झाला आणि १९९६ साली व्हिक्टोरिया विद्यापीठाची विधी विद्याशाखा येथे राहायला आली.

अस्सलतेच्या कैवाऱ्यांना या जीर्णोद्धारातली एक गोष्ट खटकते. छपरावरची धुराडी आता विटांची नाहीत; भूकंपात कोसळू नयेत म्हणून ती हलक्या फायबरग्लासची केली आहेत. मला हा आक्षेप थोडा विनोदी वाटतो. जिच्या दगडी कोपऱ्यांतच दगड नाही, तिच्या धुराड्यांत विटांचा हट्ट कशाला?

खरा प्रश्न निराळा आहे. अशा वास्तूचे संग्रहालय करावे, की तिला कामाला लावावे? मी दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि त्याचे कारण पारिहाका.

तारानाकी प्रांतातले पारिहाका हे माओरींचे गाव. ते व्हिती आणि तोहू काकाही या पुढाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील लोक बळकावलेली जमीन नांगरून, मोजणीच्या खुणा उपटून निःशस्त्र प्रतिकार करीत होते. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १६०० सशस्त्र माणसे त्या गावात शिरली. वाटेत मुले गात, खेळत बसली होती; कोणी हात उचलला नाही. दोन्ही पुढारी पकडले गेले. खटला उभा राहीना, तेव्हा १८८२ साली खास कायदा करून त्यांना खटल्याविनाच डांबून ठेवण्यात आले. ज्या शासनाने हे केले, त्याची दफ्तरे याच लाकडी भिंतींआड होती.

संग्रहालय झाले असते, तर या साऱ्याची एक सुबक पाटी लागली असती. आज तेथे विद्यार्थी वाइतांगीचा करार वाचतात, आणि कायदेमंडळाने रीतसर संमत केलेला कायदाही अन्याय कसा करू शकतो यावर वाद घालतात. खिडकीबाहेर कायदे करणारी संसद दिसत असते. जिथून हुकूम निघाले तिथेच त्या हुकमांची उलटतपासणी व्हावी, यापरता उचित वापर मला सुचत नाही.

याची किंमत आहेच. वर्दळीने जिने झिजतात, तारा आणि नळ भिंतींतून न्यावे लागतात, ग्रंथांचे ओझे तक्तपोशीवर पडते. पण कौरीची उरलेली जुनी झाडे आज संरक्षित आहेत. तशी फळी पुन्हा मिळणे कठीण. झिजलेली पायरी बदलता येत नसेल तर ती जपून वापरायची. पाहुण्यांनी दोरीपलीकडून पाहावी म्हणून ती राखून ठेवणे मला पटत नाही.

पारिहाकाची माफी सरकारने मागितली ती २०१७ साली.