'नुसतं धरायचंय' या वाक्याविरुद्ध

वायरमन शिडीवर चढतो तेव्हा खाली एक पोरगा शिडी धरून उभा असतो. वरच्याला आपण कारागीर म्हणतो, खालच्याला हेल्पर. त्याला कामावर घेताना एकच गोष्ट सांगितलेली असते: 'तुला काही करायचं नाहीये रे, नुसतं धरायचंय.'

तांत्रिक कामांच्या दुनियेत याच्याइतकं आळशी वाक्य मी ऐकलेलं नाही. धरणं म्हणजे काहीच न करणं, ज्याला दुसरं काही येत नाही त्याचं काम, हे आपण सगळ्यांनी विचार न करता मान्य करून टाकलंय. मला त्याच्याशी भांडायचंय. भांडणासाठी मुद्दाम एक बारकं काम निवडतोय: मासे पकडायचा रॉड हाताने बांधताना त्याची नळी धरायची कशी? हसू नका. इतक्या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नात आपली इंजिनिअरिंगची, पैशांची आणि मान देण्याची सगळी गणितं उघडी पडतात.

काम काय असतं?

दुकानातला तयार रॉड न घेता आपल्या उंचीला, हाताला आणि माशाला साजेसा रॉड स्वतः बांधणं हा प्रामुख्याने अमेरिकेत रुजलेला छंद आहे, आणि काहींचा धंदाही. माझं गाव किनाऱ्यावरचं. तिथे गरवायला जाणाऱ्यांना बांबूची काठी आणि तंगूस पुरतो, तेव्हा या छंदाची गरज काय, असं मला घरचेच विचारतात. तरी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मी सुट्टीच्या दिवशी हेच करत असतो.

सुरुवात होते 'ब्लँक'पासून. ब्लँक म्हणजे कार्बन फायबरची किंवा ग्लास फायबरची पोकळ, निमुळती नळी, जिच्यावर अजून काहीच बसवलेलं नाही. सात फुटी ब्लँक बुडाशी बोटाएवढा जाड आणि टोकाला साधारण दोन मिलिमीटर असतो. त्यावर मूठ बसवायची, रीळ बसायची जागा करायची आणि मग ज्यांतून दोरी जाते त्या कड्या, म्हणजे गाइड, बसवायचे. या कड्या स्क्रूने लावत नाहीत, कारण पातळ नळीला भोक पाडलं की ती तिथेच मोडणार. त्या दोऱ्याने बांधतात. गाइडच्या पायावर नायलॉनचा बारीक दोरा वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायचा आणि वरून इपॉक्सी लावायचं. बांबूच्या जमान्यातही कड्या दोऱ्यानेच बांधायचे. फेनविक कंपनीने १९७३ साली ग्राफाइटचे रॉड बाजारात आणले, तरी दोरा काही सुटला नाही.

आता मेख ऐका. गुंडाळताना दोरा नळीभोवती फिरत नाही. दोरा एका जागी ताणात असतो आणि नळी फिरते. म्हणजे दोन मीटर लांब, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला काडीसारखी, वाकायलाच जन्मलेली वस्तू तुम्हाला अशी धरायचीय, की ती स्वतःच्या अक्षाभोवती फिरेल आणि बाकी काहीही करणार नाही. कोणतीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकते, तीन अक्षांभोवती फिरते. इथे पाच वाटा बंद करायच्या आणि सहावी मोकळी ठेवायची. हे 'नुसतं' नाही. हे डिझाइन आहे.

घट्टवाले

माझं पहिलं भांडण घट्टवाल्यांशी. धरणं म्हणजे आवळणं, आणि जितकं आवळाल तितकं पक्कं, अशी त्यांची समजूत असते. नळी दिसली की ते व्हाइस शोधतात, नाहीतर ड्रिलचा चक.

कार्बन ब्लँकचे बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने असतात. म्हणून तो वाकवला तर कमानीसारखा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. पण बाजूने चिमटीत धरून दाबला, तर त्या दिशेला त्याच्याकडे फारसं बळच नाही. आत बारीक चीर जाते. ती वरून दिसत नाही, रॉड बांधून होतो, चकाकतोही. मग एक दिवस मासा लागलेला असताना नेमक्या त्याच जागी तो मोडतो आणि दोष कंपनीला दिला जातो.

यावर उत्तर आहे व्ही आकाराची खाच. लाकडाच्या दोन फळ्यांना वरून व्ही कापायचा, आत फेल्टची पट्टी चिकटवायची आणि ब्लँक त्यावर नुसता ठेवायचा. कुठेही आवळायचं नाही. गोल भोकात एकाच जाडीची नळी बसते. व्हीमध्ये बोटाएवढं बूड आणि काडीएवढं टोक दोन्ही आपापली पातळी शोधून बसतात. दोन खाचांनी चार वाटा बंद केल्या. बुडाशी एक अडसर ठेवला, लांबीच्या दिशेने सरकणंही थांबलं. पाच झाल्या. उरलं फक्त फिरणं, आणि तेच हवं होतं.

दोऱ्याचा ताण नळीला खाचेत खेचणारा हवा. दोरा वरून आला तर तोच तिला खाचेतून उचलतो, म्हणून तो मागून, खालच्या अंगाने आणायचा. ताण हा शत्रू होता, तो आधार झाला. आधारही जिथे गुंडाळायचंय त्याच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितका जवळ हवा. टोकाकडे दोन आधारांत फुटाचं अंतर ठेवलंत, तर तिथली नळी दोऱ्याच्या ताणानेच खाली वाकते. शिवाय बांधून झालेले गाइड नळीतून बाहेर आलेले असतात आणि फिरताना आधारावर आपटतात. म्हणून आधार टेबलावर सरकवता आला पाहिजे, दर वेळी दोन गाइडच्या मधली जागा शोधून. कुठे धरायचं, कुठे धरायचं नाही आणि केव्हा सोडायचं, हे सगळं 'धरणं' या एका शब्दात येतं. आवळण्यात यातलं काहीच नाही.

मोटरवाले

दुसरं भांडण माझ्याच जातकुळीतल्या लोकांशी आहे. इंजिनिअर मित्रांना हे काम दाखवलं की पहिला प्रश्न येतो, 'मशीन मिळत नाही का याला?' मिळतं. पायाने वेग कमी-जास्त करता येतो अशी मोटर असते, पुढे नळी पकडणारा चक असतो. दुसरा प्रश्न, 'आरपीएम किती?' तिसरा प्रश्न येतच नाही. तो असायला हवा होता: नळीला आधार कुठे कुठे आहे?

साधं गणित करून बघा. चकमध्ये ब्लँक फक्त एका अंशाने तिरका बसला आणि पुढे आधार नसला, तर एक मीटरवर तो मध्यापासून १७ मिलिमीटर सरकलेला असतो, दोन मीटरवर ३५. आता मोटर सुरू करा. टोक चाबकासारखं फिरायला लागतं, दोऱ्याचे वेढे कधी एकमेकांवर चढतात, कधी मध्ये फट सोडतात. वेग वाढवलात तर थरथर आणखी वाढते. महाग मोटरने चूक सुधारत नाही, ती फक्त जोरात होते. उपाय स्वस्त आहे: बुडाला मास्किंग टेपचे वेढे देऊन ते चकच्या मध्यावर आणायचं आणि पुढे जागोजागी व्ही ठेवायचे.

वेळ वाचतो म्हणाल, तर तोही हिशोब करू. 'ए' साइझचा दोरा साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असतो. दोन सेंटिमीटरच्या बांधणीला १३० च्या आसपास वेढे लागतात. अशा आठेक बांधण्या धरल्या तर हजारभर. हाताने दोन सेकंदांना एक वेढा म्हटला तरी सगळं फिरवणं अर्ध्या-पाऊण तासाचं. खरा वेळ जातो गाइड एका रेषेत आणण्यात, दोऱ्याची सुरुवात नीट अडकवण्यात, शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून घेण्यात. मोटर यातलं काहीच करत नाही. उलट, बुटांच्या खोक्याच्या दोन भिंतींना व्ही कापून, दोऱ्याचं रीळ कपात ठेवून आणि दोरा जाडजूड पुस्तकाच्या पानांतून आणून कितीतरी लोकांनी पहिला रॉड बांधला आहे. ताण हवा असेल तर पुस्तकावर आणखी एक पुस्तक. मोटरला हजारो रुपये घालून आधाराला शून्य देणाऱ्यापेक्षा खोकेवाल्याची बांधणी चांगली येते, कारण त्याने आधी धरण्याचा विचार केलेला असतो.

'कला हातात असते'वाले

तिसरा पक्ष जास्त गोड बोलतो. यंत्रबिंत्र सोडा, कला हातात असते, म्हणतो. ऐकायला छान वाटतं, पण रॉडचाच इतिहास याविरुद्ध साक्ष देतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबू चिरून, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या चिकटवून रॉड करायला सुरुवात झाली. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिपी हा बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा कारागीर यातला अग्रणी मानला जातो. त्या काळचा बांबू 'कलकत्ता केन' नावाने भारतातून जायचा. आपल्याकडे विदर्भातल्या जंगलांत ज्याला मानवेल म्हणतात तीच ही जात. पुढे चीनमधला टोंकिन बांबू आला आणि मानवेल मागे पडला.

सहा पट्ट्या मिळून षटकोन होतो, म्हणून प्रत्येक पट्टीचा कोन साठ अंशांचा लागतो. शिवाय रॉड निमुळता, त्यामुळे पट्टीही बुडापासून टोकापर्यंत बारीक होत जायला हवी, इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात. असा माल निव्वळ हाताच्या अंदाजाने निघतो असं वाटतं का? एव्हरेट गॅरिसन हा पेशाने इंजिनिअर होता आणि बांबूच्या रॉडसाठी प्रसिद्ध होता. होगी कारमायकेलसोबतचं त्याचं पुस्तक १९७७ साली आलं आणि या कामाचं मूळ पुस्तक मानलं गेलं. त्याच्या पद्धतीत पोलादाच्या दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, मध्ये साठ अंशांची खाच, आणि दर पाच इंचांवर स्क्रू. स्क्रू फिरवून खाच कुठे किती खोल हवी ते ठरवायचं. बांबूची पट्टी खाचेत ठेवायची आणि वरून रंधा मारत राहायचा. रंधा पोलादाला टेकला की माप आलं.

मग अचूकपणा कुठे होता? रंध्यात नव्हता, मनगटातही नव्हता. पट्टी धरणाऱ्या खाचेत होता. हाताचा अपमान करायला मी हे सांगत नाहीये. ती खाच कुणीतरी डोकं आणि हात लावूनच घडवली. पण 'कला हातात' म्हणताना आपण फक्त हलणाऱ्या हाताचं कौतुक करतो. ज्याच्या जिवावर तो हात निर्धास्त चालतो, त्याचं नाव घेत नाही.

रात्रभराचं धरणं

गुंडाळणं संपलं की फोटो निघतात. धरणं मात्र संपलेलं नसतं. दोऱ्यावर इपॉक्सीचा थर दिला की तो घट्ट होईपर्यंत रॉड काही तास हळूहळू फिरत राहावा लागतो, नाहीतर द्रव खाली ओघळून थेंब धरतो. हे फिरणंही आडवं, लेव्हलमध्ये हवं. एक बाजू जरा खाली असली की इपॉक्सी तिकडे सरकतं आणि बांधणीच्या टोकाला फुगवटा येतो. चकमध्ये बूड रबराने धरायचं, पुढचं टोक व्हीवर सैल ठेवायचं. आणि पहिल्या तासात वीज गेली, तर मध्यरात्री उठून दर थोड्या वेळाने रॉड अर्धा फिरवत बसायचं. सगळ्या कामाचा निकाल या तासांत लागतो.

मग कशाला एवढं?

'एका गळाच्या काठीवरून एवढं तत्त्वज्ञान?' हा आक्षेप येणार, माहीत आहे. तत्त्वज्ञान नाही, हिशोब आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्हाला कानस दिली, लोखंडाचा तुकडा दिला आणि कडा काटकोनात आणायला सांगितलं. मार्क कडेला होते. तुकडा व्हाइसमध्ये किती वर ठेवायचा, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. कानस कर्कश थरथरायला लागली की वर्कशॉपमधले एक मामा यायचे, तुकडा बोटभर खाली सरकवायचे, पुन्हा आवळायचे आणि निघून जायचे. कानस गप्प व्हायची. त्या वर्षीचं माझ्या मते सर्वात चांगलं इंजिनिअरिंग त्या माणसाने शिकवलं, आणि गुणपत्रिकेवर, टाइमटेबलवर, कुठेच त्याचं नाव नव्हतं.

आता मी जिथे काम करतो त्या क्षेत्रात वेगळं काय चाललंय? नवं फीचर करणाऱ्याला डेमो मिळतो. ते फीचर उभं राहावं म्हणून टेस्ट आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याची आठवण सगळं कोसळल्यावर येते. अप्रेझलच्या फॉर्मवर 'काय केलंस?' हा रकाना असतो, 'काय धरून ठेवलंस?' हा नसतो. ज्या कामाला रकाना नाही त्याला पगारवाढही नाही. मग ते काम टाळण्यातच शहाणपण आहे, हे नवीन पोरं सहा महिन्यांत शिकतात. त्यांना का दोष द्यायचा?

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत. हाताने काही करायचं मनात असेल, रॉड असो, सायकलचं चाक असो की सोल्डरिंग, तर हत्यार विकत घेण्याआधी एक संध्याकाळ फक्त या प्रश्नावर घालवा: वस्तू धरणार कशी, कोणत्या वाटा बंद करणार, कोणती मोकळी ठेवणार? पहिले पैसे तिथे घाला. बहुतेक वेळा फळीचे दोन तुकडे आणि फेल्ट यावरच भागतं.

आणि तुमच्या हाताखाली कुणी 'नुसतं धरणारा' असेल, तर पुढच्या कामात त्याची जागा एकदा स्वतः घ्या. दहा मिनिटं पुरेत. मग मजुरी ठरवायला बसा.