सायकल आणि साधनांचा क्रम

यंत्रयुगाने मनुष्याला नाना प्रकारची वाहने दिली. त्यांपैकी बहुतेक वाहने मनुष्याला बसल्या जागी वाहून नेतात व त्याचे श्रम वाचवतात. सायकलीची गोष्ट निराळी आहे. ती स्वाराच्याच पायांच्या बळावर चालते आणि चालता चालता त्याच्या पायांना, छातीला व हृदयाला बळ देते. तिला पेट्रोल लागत नाही. धूर सोडून ती कोणाचा श्वास कोंडत नाही. आणि गरिबाच्या घरीही ती नांदू शकते. म्हणूनच व्यायामाच्या साधनांत तिचे स्थान मोठे आहे.

मुंबईच्या उपनगरांत सायकल नवी नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथील गल्ल्यांतून पाववाले, दूधवाले व डबेवाले वर्षानुवर्षे सायकलीवरून फिरत आले आहेत. डब्यांचे ओझे अडकवून स्टेशनाची वाट धरणाऱ्या डबेवाल्याची सायकल जड, काळी आणि साधी असते. अलीकडे मात्र रविवारच्या पहाटे त्याच रस्त्यांवर दुसऱ्या प्रकारच्या सायकलीही दिसू लागल्या आहेत. त्यांचे सांगाडे हलक्या धातूचे, त्यांना अनेक गियर, हॅण्डलवर वेग दाखवणारे छोटे यंत्र, आणि स्वाराच्या मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ! लोकांना व्यायामाची गोडी लागावी ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या गोडीबरोबर एक चुकीची समजूतही घरोघर शिरली आहे. साधन जितके महाग तितका व्यायाम चांगला, असे कित्येकांना वाटू लागले आहे. त्यामुळे थोरल्या भावाची जुनी सायकल चालवण्यास धाकटा लाजतो. आईवडील काटकसर करून त्याला नवी, किमती सायकल घेऊन देतात. आणि चार महिने लोटले की तीच सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. ही समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे.

याच मुंबईचा एक जुना दाखला या बाबतीत बोलका आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब या व्यायामसंस्थेतील सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करीत त्यांपैकी तिघांनी ही प्रदक्षिणा पुरी केली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे ते तिघे होत. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले, तेव्हा सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास त्यांच्या गाठी होता. त्या काळी नाडी मोजणारे घड्याळ नव्हते आणि उपग्रहाच्या साहाय्याने वाट दाखवणारे यंत्रही नव्हते. व्यायामशाळेत कमावलेले शरीर, चिकाटी, आणि वाटेत बिघडलेली सायकल दुरुस्त करून पुढे जाण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर त्यांनी जग पालथे घातले.

यावरून नवी साधने टाकाऊ आहेत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. गियरचेच उदाहरण घेऊ. समजा, पायडलाजवळच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या चाकाजवळील चक्राला २४ दाते आहेत. अशा वेळी पायडल एकदा फिरवले की मागचे चाक २ वेळा फिरते. मागचे चक्र १६ दात्यांचे असेल, तर तेच चाक ३ वेळा फिरते. चाकाचा व्यास २८ इंच असला, तर त्याचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर भरतो. म्हणजे पहिल्या प्रकारात एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटर जाईल, तर दुसऱ्या प्रकारात पावणेसात मीटर. पहिल्या प्रकारात पायावर भार थोडा, पण अंतरही थोडे. दुसऱ्यात अंतर अधिक, पण भारही अधिक. गियर फुकट बळ देत नाही. बळ कसे वाटून खर्चावे याची सोय तो करून देतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांकडे चढत जाणारा रस्ता असो किंवा गोरेगावच्या आरे वसाहतीतील चढउतार असोत, तेथे गियर खरोखर उपयोगी पडतो. परंतु घरापासून शाळेपर्यंतचा सपाट रस्ता कापणाऱ्या मुलाला २१ गियरांची गरज क्वचितच पडते. फ्रान्समधील जगप्रसिद्ध सायकलशर्यत १९०३ साली सुरू झाली. तिच्यात साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गियरांना १९३७ साली प्रथम परवानगी मिळाली. तोपर्यंत मोठा चढ आला की स्वार खाली उतरत, मागचे चाक काढून उलट बाजूने बसवत, आणि पलीकडच्या दातेरी चक्रावर साखळी चढवून पुन्हा डोंगर चढू लागत!

तात्पर्य, साधने वाईट नाहीत. पण साधनांना क्रम असतो. ज्याने जीव वाचतो ते साधन पहिले. ज्याने सायकल अंगाला बसते ते दुसरे. ज्याने ती टिकते ते तिसरे. आणि ज्याने वेग वाढतो किंवा आकडे कळतात ते शेवटचे. बाजारातील जाहिराती नेमका हाच क्रम उलटा करतात, आणि त्यात पैसाच नव्हे तर कधी कधी जीवही धोक्यात येतो.

उपनगरांतील रस्त्यांवर बस, रिक्षा, ट्रक आणि मोटारसायकली यांची अखंड गर्दी असते. अशा रस्त्यावर पुढचे व मागचे असे दोन्ही ब्रेक चोख हवेत. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर स्वार हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबण्याची सवय लावली पाहिजे. पावसाळ्यात चाकांच्या कडा ओल्या होतात व त्यांवर दाबणारे ब्रेक उशिरा धरतात. तेव्हा वेग आधीच कमी करणे शहाणपणाचे असते. घंटी, पुढे पांढरा दिवा आणि मागे तांबडा दिवा यांना कोणी कमी लेखू नये. भारतात मोटारसायकलस्वाराला कायद्याने हेल्मेटची सक्ती आहे, सायकलस्वाराला ती नाही. परंतु डांबरी रस्ता दोघांच्याही डोक्याला सारखाच कठीण लागतो. हेल्मेटच्या आतील फेसासारखा हलका थर आघात होताच चेपतो आणि डोक्यापर्यंत पोचणारा धक्का कमी करतो. म्हणून ते कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर, नीट बसले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला पाहिजे. एकदा जोराचा मार बसला की ते वरून धड दिसले तरी बदलावे लागते, कारण आतील थर चेपून निकामी झालेला असतो.

दुसरी गोष्ट सायकलीच्या मापाची. पुष्कळ घरांत मुलांना कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. कपड्यांच्या बाबतीत ही काटकसर चालते. सायकलीच्या बाबतीत चालत नाही. मोठ्या सायकलीवर बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत व ऐनवेळी त्याचा तोल जातो. उलट बैठक फार खाली असली तर गुडघ्यांवर नाहक ताण पडतो. बैठकीची उंची ठरवण्याची रीत सोपी आहे. बैठकीवर बसून, पायडल अगदी खाली असताना, त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. हे माप जुळवण्यास एक पाना पुरतो. त्यासाठी नवी सायकल घ्यावी लागत नाही.

तिसरी गोष्ट निगा राखण्याची. मुंबईची हवा समुद्राची, खारट आणि दमट. त्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची झड. अशा हवेत लोखंड फार लवकर गंजते. भिजलेली साखळी कोरड्या फडक्याने पुसून तिच्यावर तेलाचे थोडे थेंब सोडले आणि जास्तीचे तेल टिपून घेतले, तर तीच सायकल वर्षानुवर्षे हलकी चालते. जास्तीचे तेल तसेच राहिले तर त्यावर धूळ बसते आणि दाते झिजतात. टायरमधील हवेचेही तसेच आहे. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेले टायर तयार केले व सायकलीचा प्रवास सुखाचा झाला. पण ती हवाच अर्धी उरली, तर किमती सायकलही ओढूनताणून चालवावी लागते. आठवड्यातून एकदा पंप मारणारा मुलगा आपल्या जुन्या सायकलीवरून नव्या पण दुर्लक्षित सायकलीच्या सहज पुढे जाईल.

आता राहिली मापन करणारी यंत्रे. मनगटावरील घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त हा प्रकाश शोषून घेते; प्रत्येक ठोक्याला त्वचेखालील रक्त कमीअधिक होते, आणि परत येणाऱ्या प्रकाशातील फरकावरून घड्याळ ठोके मोजते. ही युक्ती खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु शरीराने किती उष्मांक खर्च केले हे तेच घड्याळ सांगते, तेव्हा तो केवळ वय, वजन व ठोके यांवरून बांधलेला अंदाज असतो. नाडी तर कोणालाही बोटांनी मोजता येते. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दोन बोटे ठेवून ३० सेकंदांत पडलेले ठोके मोजावेत आणि त्यांची दुप्पट करावी. ज्याला आकड्यांची आवड आहे त्याने घड्याळ वापरण्यास हरकत नाही. मात्र आकडा कमी दिसला म्हणून हिरमुसणे, किंवा आकडा वाढावा म्हणून गर्दीच्या रस्त्यावर वेडावाकडा वेग घेणे, हा साधनाचा उपयोग नव्हे, साधनाची गुलामगिरी होय. व्यायामशाळेतील जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीलाही हाच न्याय लावावा. मुसळधार पावसात अंधेरीचा भुयारी मार्ग तुंबतो, अशा दिवसांत ती उपकारकच ठरते. पण कोरड्या हवेत, चालत जाता येईल इतक्या अंतरावरील व्यायामशाळेत मोटारीतून जाऊन तिच्यावर पाय मारणे विनोदीच दिसते.

शेवटी, एक साधन असे आहे की जे कोणाही आईबापांना दुकानातून विकत आणता येत नाही. ते म्हणजे सुरक्षित रस्ता. ते सर्वांनी मिळूनच निर्माण करावयाचे असते, आणि तेथेही क्रम चुकून चालत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात पूर्वी सायकलींसाठी निराळा मार्ग बांधण्यात आला होता. परंतु त्याचा वापर झाला नाही, आणि त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. पवई तलावाच्या कडेने महानगरपालिकेने सायकलमार्गाचे काम हाती घेतले. पण मगरींचे घर असलेल्या त्या तलावात भराव घालून केलेले ते काम मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली बेकायदा ठरवून काढून टाकण्याचा आदेश दिला. जो मार्ग घराला शाळेशी आणि वस्तीला स्टेशनाशी जोडत नाही, किंवा जो दुसऱ्या जीवांच्या निवाऱ्यावर उभा राहतो, तो शहराने घातलेला दागिनाच म्हणावा लागेल. अंधेरीच्या मुलाला शाळेत आणि मुलुंडच्या कामगाराला स्टेशनावर निर्धास्तपणे नेणारी, मोटारींपासून राखलेली साधी पट्टी त्याहून कितीतरी मोलाची आहे. ती मागण्याचा नागरिकांना हक्क आहे, आणि मिळाल्यावर ती मोकळी ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

ज्याच्या घरी जुनी सायकल आहे, त्याने तिच्याकडे पाहून खंत करण्याचे कारण नाही. तिचे ब्रेक तपासावेत, बैठक आपल्या मापाची करावी, साखळीला तेल द्यावे, टायरमध्ये हवा भरावी, डोक्यावर हेल्मेट चढवावे आणि नेमाने रोज थोडे अंतर जावे. पुढे पाय बळकट झाले, चढाचे रस्ते खुणावू लागले, आणि घरची ऐपतही असली, तर गियरची सायकल अवश्य घ्यावी. त्या वेळी तिचा खरा उपयोग करणारा स्वार तयार झालेला असेल.