भुताच्या गोष्टी वाचायच्या, पण पिठाचा कोंबडा नको



ऑक्टोबरात आपल्या सांगलीच्या आणि सातारच्या वाचन गटाने मिळून एक अख्खा दिवस भयकथा वाचायचं ठरवलंय, हे आतापर्यंत सगळ्यांना कळलंच असेल. १५ तारखेला वाचन प्रेरणा दिन असतो, त्याच्या जवळचा रविवार. बातमी फुटल्यापासून मला जेवढे फोन आले तेवढे धाकट्याच्या लग्नातसुद्धा आले नव्हते. चातुर्मासात भुतंखेतं कशाला, घरात लहान मुलं आहेत, काकू तुम्ही तरी यात पडू नका. एका ताईंनी मात्र वेगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ही दुःश्रुती आहे, अनर्थदंड लागेल. बाकीच्यांना मी हो-हो करून फोन ठेवला, पण या ताईंनी शास्त्रातला शब्द काढला, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण पाठशाळेत घोकलेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडकात दुःश्रुती कशाला म्हणायचं ते स्वच्छ सांगितलंय. जे ऐकून आरंभ-परिग्रह, मिथ्यात्व, राग-द्वेष, मद, कामवासना यांनी मन मळतं, ते ऐकणं. यात भुताचं नाव कुठं आहे? गोष्ट कुणाची आहे हे बघायचं नसून ती ऐकून मनाचं काय झालं ते बघायचंय. मग रोज संध्याकाळी टीव्हीवर सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवते आणि आपण भाजी निवडता निवडता उद्या काय होणार म्हणून तळमळतो, ते कुठल्या खात्यात टाकायचं? मी बी.कॉम. आहे. चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कम मला पटकन दिसते.

आणि भयकथा आपल्याला नवीन आहेत का? सुकुमाल मुनींची कथा आठवा. कोल्हीण पिल्लांसह तीन दिवस त्यांना खात होती आणि मुनी ध्यानातून हलले नाहीत. ही कथा आजीने मला ऐकवली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, आणि आजीने काहीही गाळलं नव्हतं. पार्श्वनाथांवर कमठाच्या जीवाने केलेला उपसर्ग तर मंदिरामंदिरात भिंतीवर रंगवलेला असतो. महावीरांची कथा उत्तरपुराणात बघा. उज्जयिनीचं अतिमुक्तक स्मशान, रात्र, आणि रुद्राने उभी केलेली भयंकर रूपं. नारायण धारपांनी याहून वेगळं काय मांडलं असतं? फरक आहे, नाही म्हणत नाही. पुराणात आपण भिणाऱ्याकडे बघत नाही, न भिणाऱ्याकडे बघतो. म्हणून तर दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं म्हणतेय मी.

आता भुताकडे येऊ. दशलक्षण पर्वात चौथ्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा चौथा अध्याय होतो. त्यात व्यंतर देवांचे आठ भेद येतात: किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत, पिशाच. म्हणजे भूत आणि पिशाच आपल्याकडे देवगतीत मोजलेत, आपापल्या कर्माने जन्मलेले. आणि मेल्यावर जीवाला पुढचा जन्म घ्यायला किती वेळ लागतो ते दुसऱ्या अध्यायात आहे. दोन-चार समय. समय म्हणजे तास-दिवस नव्हे, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय जातात. तेव्हा इच्छा राहिली म्हणून वाड्यात घुटमळणारा आत्मा आपल्या हिशोबात बसतच नाही. वारलेल्या जाऊबाई पैठणीसाठी माळ्यावर थांबत नाहीत, त्या केव्हाच पुढच्या घरी गेल्या. पूर्ववैराने एखादा देव उपसर्ग करतो हे पुराणात आहे, कमठाचं तेच आहे. पण पार्श्वनाथांनी मांत्रिक बोलावल्याचं कुठं वाचलंय का?

हे सगळं आपण दरवर्षी ऐकतो आणि घरी येऊन दारावर काळी बाहुली टांगतो. मला राग येतो तो इथं. ज्या घरांतून मला फोन आले त्यांतल्या निम्म्या घरांच्या चौकटीला शनिवारी लिंबू-मिरची लागते. अमावस्येला नवी वस्तू आणत नाहीत, बाहेरगावी निघत नाहीत. अहो, अश्विन अमावस्येच्या पहाटे भगवान महावीर मोक्षाला गेले, त्या पहाटे आपण निर्वाण लाडू चढवतो, आणि त्याच तिथीला भितो? शास्त्रात सात भय सांगितलीत, इहलोक, परलोक, वेदना, अरक्षा, अगुप्ती, मरण, आकस्मिक. सम्यग्दृष्टी या सातांतून मोकळा असतो म्हणतात. आपण आठवं भय शोधून काढलं आणि त्याला खिळा ठोकून दारावर लावलं.

आणि या आठव्या भयाचा खर्च कुणाच्या नावावर पडतो? बाईच्या. ओळखीतल्या एका घरात बाळंतपणानंतर सून रडायची, झोपायची नाही, बाळाला जवळ घ्यायची नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं, बाहेरचं आहे. सहा महिने उतारे झाले, गंडे झाले, कुठल्याशा बाबाकडे फेऱ्या झाल्या. शेवटी तिचा भाऊ तिला मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाळंतपणानंतरचं नैराश्य, गोळ्या सुरू झाल्या, पोरगी माणसांत आली. पण ते सहा महिने तिला आणि त्या बाळाला कोण परत देणार? आपल्या परंपरेतही ही गोष्ट आहे. इंद्रनंदींचं ज्वालिनीकल्प ९३९ सालचं. त्यात ब्रह्मराक्षस धरतो तो हेलाचार्यांच्या शिष्येला, कमलश्रीला, आणि ती शास्त्र जाणणारी होती. ती हसे, रडे, गाई. त्या काळी मंत्राशिवाय दुसरा उपाय माहीत नव्हता, मी कुणाला दोष देत नाही. आज मिरजेला जायला बस आहे.

सातारच्या मैत्रिणींना हे सांगायची गरज नसावी. डॉ. नरेंद्र दाभोलकर तुमच्याच गावचे. शिकले सांगलीच्या विलिंग्डनला आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्यातल्या किती जणींना हे ठाऊक आहे?

भयकथा गटात, मोठ्याने वाचायची ती याचसाठी. भीती कशी रचतात ते दिसतं. तिन्हीसांज, बंद खोली, न सांगितलेली एक गोष्ट, मध्येच थांबलेलं वाक्य. धारप आणि रत्नाकर मतकरी यात उस्ताद होते. दहा जणींनी एकदा ही युक्ती पानावर पकडली, की पुढे एखादा बाबा तीच वापरायला लागला तर त्यालाही पकडता येईल. घरात दबक्या आवाजात सांगितलेल्या भुताचं पुस्तक मिटता येत नाही. मुलांचं म्हणाल, तर मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण बघून पोरं खिदळतात. भितात ती आयांचे चेहरे बघून.

आता दुसऱ्या बाजूला. आपल्या तरुण मैत्रिणींनी तयारीसाठी जे फोटो पाठवलेत ते मी बघितले. बोटांच्या आकाराची बिस्किटं, बदामाची नखं, वर रक्त म्हणून लाल जॅम. डोळ्यांच्या आकाराची पनीरची मिठाई. ‘अंडं नाही काकू, पूर्ण जैन आहे.’ बाई गं, यशोधर राजाने तरी काय केलं होतं? आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा केला आणि त्याचा बळी दिला. जीव गेलाच नव्हता. पण मनात कोंबडा होता, मारायचा भाव होता, त्यापायी मायलेक मोर आणि कुत्रा होऊन जन्म भोगत फिरले. पुष्पदंतांचं जसहरचरिउ आणि सोमदेवांचं ९५९ सालचं यशस्तिलक, दोन्हींचा गाभा हीच कथा. बोट म्हणून केलेलं बिस्किट बोट म्हणून चावायचं नाही. यावर चर्चा नाही. भुताबद्दल मी मोकळी आहे, पिठाबद्दल नाही.

त्याऐवजी लसूण न घातलेलं भडंग, सातारचे कंदी पेढे, उकळलेलं पाणी.

भिलारला जाऊ असंही कुणी सुचवलं. पुस्तकांचं ते गाव मला फार आवडतं, ४ मे २०१७ ला सुरू झालं तेव्हापासून दोनदा जाऊन आलेय. पण सांगलीहून तिथं जाऊन, वाचून, सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचं कसं? तेव्हा या वेळी सांगलीत, माझ्याच घरी. सकाळी आठला सुरुवात, साडेचारला पुस्तकं मिटायची, साडेपाचच्या आत सगळ्यांची ताटं उचललेली पाहिजेत. सातारच्या मैत्रिणींनी शनिवारीच या, गाद्या आहेत. प्रत्येकीने एक कथा निवडून आधी घरी एकदा वाचून बघायची. क्रूरपणा चवीने वर्णिलेला असेल, किंवा तोडगा-मंत्र खरा म्हणून दिला असेल, तर ती बाजूला ठेवा. समंतभद्रांची कसोटी लावा, ताईंचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे.

शेवटची कथा यशोधराचीच. चंडमारीच्या देवळात बळी द्यायला धरून आणलेली ती दोन मुलं, भाऊ-बहीण, त्यांची नावं माहीत आहेत ना? अभयरुची आणि अभयमती. हा भाग वाचायला मी दुःश्रुतीवाल्या ताईंनाच विचारलंय. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण आवाज आपल्या सगळ्यांत त्यांचाच चांगला आहे.